कपाटातल्या हाका

जोडतेबाई ऑफिसातून चालायच्या त्या पाण्यातून चालल्यासारख्या. दोन्ही हातांत टॅब, नजर त्याच्या काचेवर, आणि पाऊल इतकं हळू की खालची फरशी जागी होऊ नये. जिन्याच्या वळणावर थांबायच्या, एक पाऊल मागे घ्यायच्या, मान कलती करायच्या, मग पुन्हा पुढे. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंचं कानातलं पडलं असावं. तो वाकून शोधू लागायचा. जुनी माणसं मात्र भिंतीला टेकून वाट द्यायची. ऑफिसचं वायफाय कुठवर पोचतं आणि कुठे विरून जातं, ते बाई बघत असायच्या.

त्यांच्याबद्दल लिहावं असं पुष्कळ दिवस मनात आहे. कितपत जमेल ठाऊक नाही. पण ती गोष्ट नीट माहीत असलेलं दुसरं कोणी आता राहिलेलं नाही, आणि त्या स्वतः काही सांगणार नाहीत.

आमचं ऑफिस वजनमापांचं. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर जप्त करायचे, हे आमच्या निरीक्षकांचं काम. मी तळमजल्यावर भांडारात होतो. ज्या वजनांशी बाकी सगळी वजनं ताडून पाहायची, ती माझ्या ताब्यात. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, आणि काचेच्या घुमटाखाली एक किलो. त्याला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं. बोटाचा घामसुद्धा त्याला जड होतो. मी स्वतः असा किडकिडीत, की वारा सुटला तर लोक मला दार लावायला सांगायचे, न जाणो उडून जाईन. म्हणून ऑफिसने माझं नाव ठेवलं होतं वजनदार.

बाईंचं नाव त्यांच्या स्वतःच्याच तोंडून आलं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या टेलिफोनच्या बोर्डावर लागल्या. चाळीस लाइनींचा बोर्ड, कानाला यंत्र, हातात दोऱ्या. कोणीही फोन उचलला की त्यांचा आवाज यायचा, "जोडते हं, थांबा." मी वरच्या मजल्यावरच्या माणसाला फोन करायचो तेव्हा कधीकधी वाटायचं, तो माणूस नसला तरी चालेल. त्या दोन शब्दांत कोणीतरी आपल्यासाठी अंधारात वाट काढतंय असं काहीतरी होतं. त्या आवाजावरून त्यांना सगळे जोडतेबाई म्हणू लागले. पुढे बोर्ड गेला, भिंतीवर चाळीस भोकं राहिली, त्यांवर रंग लागला. बाईंना सहा महिन्यांचं शिक्षण देऊन वायफायवर बसवलं. कानाचं यंत्र त्यांनी खणात जपून ठेवलं, आणि टॅब जोडून देतानाही त्या तेच म्हणायच्या. "जोडते हं, थांबा."

आमचं वायफाय लपलेलं होतं. म्हणजे मोबाइल उघडला की आजूबाजूच्या दुकानांची, बँकेची, समोरच्या दवाखान्याची नावं दिसायची; आमचं दिसायचं नाही. कोणत्या दिवशी कोणत्या बाजारात तपासणी, याच्या याद्या आमच्याकडे असत. बाहेर गेल्या तर निरीक्षक पोचायच्या आत तराजू बदलले जायचे. म्हणून जुन्या साहेबांनी हुकूम काढला होता की, नाव कोणाला दिसता कामा नये. बाईंनी तो हुकूम मनावर घेतला. ते नाव फक्त त्यांना ठाऊक आणि साहेबांच्या तिजोरीतल्या एका बंद पाकिटाला. नवा टॅब आला की बाई स्वतः नाव घालायच्या. आम्ही तोंड फिरवून उभे राहायचं. ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

मी एकदा धीर करून विचारलं होतं की, नाव दिसत नाही तर टॅबला ते सापडतं कसं.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची वायफाय भाजीवाल्यासारखी. आपलं नाव सारखी ओरडत असतात. टॅबने नुसतं ऐकायचं. आपलं गप्प बसतं. मग टॅबलाच हाक मारावी लागते. अमुक अमुक, आहेस का? नाव बरोबर असलं तर उत्तर येतं, आहे."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर हाका मारत राहायचं. दुसरं काय करणार बिचारं?"

हे त्या अशा सांगायच्या की, माझ्या डोळ्यांपुढे ओलं धुकं आणि त्यात उभं असलेलं एखादं लहान जनावर यायचं. मग दिवसभर ते जायचं नाही.

त्यांनी इमारतीचा एक नकाशा केला होता, रंगीत पेन्सिलींनी. जिथे वायफाय भरपूर तिथे गडद निळा, जिथे कमी तिथे फिका. बघताना वाटावं, इमारतीत तळी साठली आहेत. साहेबांच्या खोलीत खोल पाणी, व्हरांड्यात ओढा, जिन्याखाली डबकं. माझं भांडार तेवढं कोरं. भिंती दोन हात जाड, खिडकीला लोखंडी झडप, आत पोलादी कपाटं.

"तुमची खोली म्हणजे कोरडं बेट हो, वजनदार," त्या म्हणायच्या. "तिथे माझं काही चालत नाही."

बाई राहायच्या ऑफिसच्या मागच्या भिंतीपलीकडे. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. आई लवकर गेली तेव्हा आक्काने या धाकटीला वाढवलं, स्वतःचं काही केलं नाही. आता आक्काचे गुडघे गेले होते आणि डोळ्यांपुढे फक्त उजेड आणि सावली उरली होती. दुपारी एकला बाई घरी जायच्या, आक्काला जेवू घालायच्या, उठवून बसवायच्या, पावणेदोनला परत. त्यांच्या टेबलाजवळच्या खिडकीतून घराची दोरी दिसायची. आक्का सकाळी चाचपत दोरीवर टॉवेल टाकायची. पांढरा असला की सगळं ठीक. लाल असला की ये. पांढऱ्याला किनारीवर एक गाठ मारलेली होती, म्हणजे हाताला कळावा. सतरा वर्षांत लाल टॉवेल तीनदा आला, आणि तिन्ही वेळा बाई चप्पल न घालता धावल्या.

त्या वर्षी नवे मोठे साहेब आले आणि त्यांच्यामागोमाग बत्तीस नवे टॅब. प्रत्येक निरीक्षकाला एक, आणि एक मला भांडाराच्या नोंदींसाठी. तोवर सात-आठ जुने टॅब बाईंच्याच खणात असायचे. बत्तीस ठेवायचे कुठे? चार्जिंगची सोय असलेलं एक नवं पोलादी कपाट आणलं गेलं. चांगलं कुलूप भांडारालाच, म्हणून ते माझ्या खोलीत आलं.

"तिथे वायफाय पोचत नाही, साहेब," बाई म्हणाल्या.

"अहो, झोपायला कशाला लागतंय वायफाय?" साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

पहिल्या दिवशी बाईंनी बत्तीसही टॅब एकेक करून जोडले. सकाळपासून पाचपर्यंत, बत्तीस वेळा "जोडते हं." तिसऱ्या दिवशी पाच टॅब जुळेनात. बाईंनी नाव पुन्हा घातलं, पासवर्ड पुन्हा घातला. उपयोग होईना. शेवटी एकेक वायरने आपल्या कॉम्प्युटरला लावून सगळं नव्याने भरलं, तेव्हा शहाण्यासारखे जुळले. चौथ्या दिवशी ते पाच उत्तम, आणि दुसरेच सात अडून बसले. सोमवारी तर वीस. कालचा चांगला आज वाईट, आजचा वाईट परवा चांगला. मिशीवाले निरीक्षक म्हणून एक होते, गडगडाटी हसायचे, ते रोज अकराला बाईंच्या टेबलापाशी उभे.

"बाई, तुमचं वायफाय रुसलंय माझ्यावर. काल किती गोड बोलत होतं."

"तुमची मिशी बघून घाबरलं असेल."

"मग अर्धी काढू का? एका बाजूचं नेटवर्क तरी येईल."

"आधी टॅब द्या इकडे. जोडते, थांबा."

थट्टा चालायची, पण निरीक्षकांचं काम अडत होतं. तपासणीच्या नोंदी टॅबमध्ये साचून राहायच्या, ऑफिसात उतरायच्या नाहीत. साहेबांनी बाईंना बोलावलं. मी तेव्हा वजनांच्या वहीवर सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"बाई, हे लपवालपवीचं खूळ बंद करा. नाव उघडं ठेवा, सगळे आपोआप जुळतील."

"तसं असेल तर मी आजच करते," बाई म्हणाल्या. "पण तसं नसावं. एक तास बघू द्या."

संध्याकाळी त्यांनी एक तास नाव उघडं केलं. मी पहिल्यांदा आमच्या वायफायचं नाव पाहिलं. ते काय होतं ते इथे लिहीत नाही, साधं होतं. चांगले टॅब जुळत होते ते जुळलेच. आजारी होते ते समोर नाव दिसत असूनही दारात उभे राहिले. बाईंनी नाव पुन्हा लपवलं आणि जाऊन साहेबांना सांगितलं, दोष नावाचा नाही.

"मग कशाचा?"

"ते अजून कळलं नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. घाईचे होते. त्यांनी सांगितलं, वीस तारखेपर्यंत बत्तीसही टॅब रोज चालले पाहिजेत. नाहीतर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल, बाईंची जागा रद्द होईल, आणि त्यांना शहराबाहेरच्या आगारात पाठवावं लागेल. जप्त केलेले तराजू ठेवायची जागा ती. दोन बस बदलून जायचं, सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सातला यायचं.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. साहेबांच्या खिडकीतून दोरी दिसत नव्हती, तरी पाहिलं.

नंतर व्हरांड्यात मी म्हणालो, "कोणी शेजारीण..."

"शेजारीण वाढून देईल," त्या म्हणाल्या. "पण लाल टॉवेल कोण बघणार?"

त्या दिवसांत बाई फार चालल्या. टॅब हातात घेऊन सगळे मजले, गच्ची, पाण्याच्या टाकीखालची जागा. भिंतींना कान लावायच्या. एका वहीत रोज लिहायच्या: कुठला टॅब, कोणाच्या हातचा, कुठे अडला. जिन्यात भेटल्या तर माझ्याकडे बघून हसायच्या, पण त्या हसण्यात मी नसायचो. त्या कुठल्यातरी निळ्या तळ्याच्या काठी असायच्या. मला वाटायचं, आपण काहीतरी मदत करावी. काय करणार? मी आपला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट पुसून ठेवायचो.

सतरा तारखेला दुपारी मिशीवाले आले ते हसतच.

"बाई, तुमच्या टॅबने मला तरुण केलं! परवा बाजारात तपासणी केली ना, त्यावर तारीख बघा काय घातलीय. सहा वर्षांपूर्वीची, एक जानेवारी! माझी धाकटी तेव्हा जन्मलीही नव्हती. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, मग तेवढी वर्षं परत द्या माझी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टॅब घेतला. आमच्या टॅबवर कामाचं पानच काचभर पसरलेलं असायचं. कोणी खेळत बसू नये म्हणून वरची घड्याळाची पट्टी झाकलेली होती. बाईंनी ते पान बाजूला सारून आत पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. नंतर आजारी पडलेले आणखी चार टॅब मागवले. पाचांच्याही पोटात एक जानेवारी.

ते त्यांनी मला नंतर समजावलं. हाक मारून उत्तर आलं की काम संपत नाही. मग दोघं एकमेकांची ओळख पटवतात. वायफाय आपलं ओळखपत्र दाखवतं, आणि टॅब त्यावरची मुदत बघतो. ओळखपत्र दोन वर्षांपूर्वी केलेलं. टॅबला वाटत होतं की सहा वर्षांपूर्वीचा दिवस चालू आहे. म्हणजे त्याच्या हिशोबाने हे ओळखपत्र अजून जन्मायचंच होतं. मग तो कसा विश्वास ठेवणार? आणि घड्याळ बरोबर करायचं तर ती वेळ मिळणार वायफायवरूनच. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसं. बाईंनी वायरने लावला की त्यांच्या कॉम्प्युटरकडून वेळ मिळायची आणि टॅब शुद्धीवर यायचा.

"पण हे दिवस विसरतात कसे?" मी विचारलं.

"पार उपाशी राहिले तर. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत गेली तर यांना फक्त जन्मदिवस आठवतो." मग म्हणाल्या, "आज संध्याकाळी मी तुमच्याकडे येऊन बसते, वजनदार. ही झोपतात कशी ते बघते."

साडेपाचला त्या आल्या. टॅब एकेक करून परत आले होते, कपाटात आपापल्या खाचेत बसले होते. दार किंचित उघडं ठेवून बाई समोर स्टुलावर बसल्या. आत बत्तीस हिरवे दिवे, ज्वारीच्या दाण्याएवढे. खिडकीच्या झडपेतून उन्हाची एक पट्टी येऊन पितळी वजनांवर पडली होती. मला वाटतं, माझ्या खोलीत त्याआधी कोणी इतका वेळ बसलं नव्हतं. मी चहा आणला. आम्ही आक्काबद्दल बोललो, तिला ऐकू कसं मुंगीचं पाऊल येतं त्याबद्दल. बाई म्हणाल्या, बोर्डावर असताना त्यांना माणूस श्वासावरून ओळखू यायचा. "तुम्ही फोन उचलून आधी तीनदा श्वास घ्यायचात. मग बोलायचात." मी कपबशी उचलली.

सहा वाजले. मी वही बंद केली, टोपी घातली, छत्री घेतली. "बसा तुम्ही, मी किल्ली..." असं काहीतरी म्हणत दाराकडे गेलो.

मागून बाईंचा आवाज आला, अगदी हळू. "वजनदार."

"काय?"

"आत्ता तुमचा हात जे करून आला, ते उलटं करा बरं."

मी हाताकडे पाहिलं. दाराशेजारच्या मोठ्या खटक्यावर होता. खटका खाली होता. खोलीत दिवे नव्हते आणि कपाटात बत्तीसांतला एकही हिरवा दाणा नव्हता. त्या अंधुकात बाई तशाच बसल्या होत्या, हातात आपली वही, चेहरा दिसत नव्हता.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी या खोलीत तारांतून धूर निघाला होता. थोडं जळलं, वजनं वाचली. तेव्हापासून रोज संध्याकाळी जाताना मी मोठा खटका खाली करतो. करतो असं तरी कसं म्हणू? हात करतो. सकाळी हातच वर करतो. एकतीस वर्षं. नव्या कपाटाचा जोड त्याच खटक्यावर दिला आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. कपाट आलं तेव्हा बाई मला म्हणाल्या होत्या, "चार्जिंगचं बटण बंद करू नका हं." मी डोळ्यांत तेल घालून ते बटण जपत होतो. त्याला कधी हातही लावला नाही.

मी खटका वर केला. हिरवे दाणे परत आले.

"काखेत कळसा," मी म्हणालो.

बाई कपाटाकडे बघत होत्या. "म्हणजे यांना मिळायचा फक्त एक तास," त्या म्हणाल्या. "निरीक्षक पाचला आणून देणार, तुम्ही सहाला बंद करणार. मग रात्रभर हे लोखंडात. आणि हे काही झोपत नाहीत. नाव लपलेलं आहे ना, हाका मारतात. आहेस का, आहेस का. तुमच्या भिंतीतून ऐकणार कोण? जो दमला तो गप्प झाला, आणि सकाळी खटका वर झाला की उठून जन्मदिवसापासून सुरू."

मी कपाटाजवळ गेलो. कान दिला. अर्थात काही ऐकू आलं नाही. पण मला अजून वाटतं की मी ऐकलं.

"मी साहेबांना सांगतो," मी म्हणालो.

"कशाला? तुमची पाच वर्षं राहिलीत. सरळ रेघेत आणलेत तेवढी तशीच जाऊ द्या. उद्यापासून खटका वर ठेवा, संपलं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खटक्यावर कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: वजनदार, हात आवरा.

अठरा आणि एकोणीस, दोन्ही दिवस बत्तीसही टॅब जुळले. मी ते दोन दिवस गप्प होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो.

वीस तारखेला साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर एक कागद होता, आगाराच्या बदलीचा. पेनाचं टोपण काढलेलं.

"दोन दिवस चालले, छान," साहेब म्हणाले. "पण मधेही दोन दिवस चालायचे. मला कारण सांगा, बाई. बिघडत का होते?"

"घड्याळं मागे पडत होती."

"का?"

"बॅटरी पूर्ण उतरत होती."

"कपाट तर नवं आहे. का उतरत होती?"

"जोडणीत थोडा दोष होता. आता नाही."

"कोणाच्या हलगर्जीपणाने?"

"कोणाच्या नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही, किंवा सांगायचं नाही. दोन्हींत माझी खात्री पटत नाही." साहेबांनी पेन उचललं. "उद्या पुन्हा बंद पडले तर मी वर काय सांगू?"

बाई उभ्या होत्या, हात समोर गुंफलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बहुतेक मी बसून राहिलो असतो. एकतीस वर्षांत मी कुठल्या बैठकीत बोललो नव्हतो. उठताना खुर्ची पडली. सगळी मान वळवून बघू लागली.

"साहेब, हात माझा," मी म्हणालो.

"काय?"

"खटका. मी रोज बंद करतो. म्हणजे हात करतो. धूर निघाला होता. एकतीस वर्षांपूर्वी." मला नीट सांगता येत नव्हतं. पण धूर, खटका, कपाट, एक तास, असं करत करत सगळं सांगून झालं. शेवटी म्हणालो, "चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

मिशीवाले म्हणाले, "म्हणजे माझी सहा वर्षं यांनी चोरली होय!" आणि सगळी खोली हसली. साहेबसुद्धा हसले. पण पेन त्यांच्या हातातच होतं.

"आगारात माणूस तर पाठवायचाच आहे," ते म्हणाले. "तिथलं भांडार महिनाभर उघडं पडलंय."

"मी जातो," मी म्हणालो. हे मी आधी ठरवलं नव्हतं. तेही तोंडानेच केलं, हातासारखं. मला घरी मुलगा आहे, सून आहे, माझी वाट बघणारा टॉवेल कुठे नाही.

साहेबांनी बाईंचं नाव खोडून माझं लिहिलं.

जायच्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. माझा टॅब सोबत जाणार होता. बाहेर जाणाऱ्या टॅबमधून नाव पुसून टाकायचं, हा त्यांचाच नियम.

"राहू द्या की," मी म्हणालो. "आगारापर्यंत कोण ऐकणार आहे?"

"तेच तर. बसमध्ये, रस्त्यात, सगळीकडे हे आपलं नाव पुकारत जाणार. जो ऐकेल त्याला कळणार." त्यांनी टॅब घेतला. या वेळी मी तोंड फिरवलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नाव गेलं. काच त्यांनी पदराने पुसली. "आता शांत झोपेल," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "माझ्यावर उपकार केलेत, असं म्हणणार नाही. तुम्हाला आवडणार नाही."

"नाही," मी म्हणालो.

आगार म्हणजे लांबच लांब पत्र्याचं शेड. जप्त केलेले शेकडो खोटे तराजू तारांना टांगलेले. वारा आला की रिकामी पारडी हलतात, एकमेकांना लागतात, आणि कुठेतरी दूर कोणी भांडी आवरतंय असं वाटतं. वायफाय नाही. एक जुना काळा फोन आहे, तबकडीचा. दोन बसमध्ये मला छान झोप लागायची.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी तो फोन वाजला. मी उचलला, श्वास घेतला.

"आहात का?" बाईंचा आवाज.

"आहे."

"बरं. लाइन तपासत होते. ठेवते."

घड्याळात पावणेदोन झाले होते. म्हणजे आक्काचं जेवण झालेलं, बाई टेबलाशी परत आलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेदोन. "आहात का?" "आहे." "ठेवते." यापेक्षा जास्त आम्ही कधी बोललो नाही. कधी त्या म्हणायच्या, आज साखर कमी पडली चहात. कधी मी म्हणायचो, वारा आहे. त्या निवृत्त झाल्या तरी घरून फोन यायचा. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या घरचा नंबर त्यांनी कुठून मिळवला कोण जाणे. बोर्डावरची बाई, मिळवणारच. सून विचारायची, "बाबा, रोज इतकं थोडं काय बोलता?" मी म्हणायचो, लाइन तपासतात.

गेल्या महिन्यात एके दिवशी पावणेदोन झाले आणि फोन वाजला नाही. दोन झाले. मी फोनशेजारी खुर्ची घेऊन बसलो. सव्वादोन. मी आयुष्यात कधी त्यांना आपणहून फोन केला नव्हता. त्या हाक मारायच्या, मी उत्तर द्यायचो. नंबर पाठ होता, पण बोटाला ती वाट ठाऊक नव्हती. मला दोरी दिसू लागली, तिच्यावर लाल टॉवेल. मी तीनदा श्वास घेतला आणि फिरवला.

बराच वेळ वाजत राहिला. मग कोणीतरी उचलला.

"आहात का?" मी विचारलं.

पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "अगबाई. डोळा लागला हो माझा. आक्काही घोरतेय, टॉवेल आज टाकलाच नाही तिने. किती वाजले?"

मी वेळ सांगितली. मग कोणी विचारलं नसताना वारही सांगितला, आणि तारीखही.

"आहे," त्या म्हणाल्या. "ठेवते."